कधीच न चाललेली नाणी

आमच्या दिंडोरीच्या घरातल्या देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेला लागून एक नाणे असायचे. रुपयापेक्षा किंचित मोठे, चांगले जाड. आजी त्याला 'रामाचा रुपया' म्हणायची. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती टाकांबरोबर तोही चिंचेने घासायची, पंचामृताने धुवायची आणि हळदकुंकू लावून पुन्हा जागेवर ठेवायची. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, मागे छत्र धरलेला लक्ष्मण, पायाशी हात जोडलेला मारुती. दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले दोघे भाऊ, वनवासाला निघालेले. कडेने नागरी अक्षरे होती, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिंचेने ती निम्मी झिजली होती. हे नाणे रामराज्यातलेच, याबद्दल आजीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पंचवटी तासाभराच्या वाटेवर, आणि रामाने विसावा घेतला म्हणून ज्याला रामशेज म्हणतात तो किल्ला तर आमच्याच तालुक्यात. एवढे सगळे इथे असताना रामाचा रुपया आमच्या घरी का नसावा?

कॉलेजात असताना मी तो रुमालात गुंडाळून नाशिकच्या एका जाणकारांकडे नेला. त्यांनी तो बोटांत फिरवला, भिंगाखाली धरला, काट्यावर ठेवला आणि म्हणाले, "हे नाणेच नाही. रामटंका आहे. पूजेसाठी पाडलेला. फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचा." परतीच्या एसटीत मला फार वाईट वाटले. आजीला सांगू की नको, असे करत दोन दिवस गेले. शेवटी सांगितले. ती वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "चालत नाही म्हणूनच तर देव्हाऱ्यात आहे ना रे. चालला असता तर केव्हाच खर्च झाला असता."

या पुस्तकाचा जन्म त्या वाक्यात आहे. बाजारात कधीच न चाललेली, चालावी म्हणून पाडलीच नाहीत अशी नाणी हा त्याचा विषय. जगभरचे संग्राहक त्यांना फॅन्टसी कॉइन म्हणतात. मी 'कल्पनानाणे' हा शब्द वापरला आहे, कारण तो तोंडात सहज बसतो आणि वस्तू काय आहे तेही सांगतो.

नवख्या वाचकासाठी आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खोटे नाणे हे खऱ्या नाण्याची नक्कल असते. दुकानदाराला फसवून बाजारात चालावे एवढाच त्याचा हेतू. प्रतिकृती हीसुद्धा खऱ्या नाण्याची नक्कल, पण उघड. ती कुणी बाजारात देत नाही, कपाटात ठेवतो किंवा गळ्यात घालतो. कल्पनानाण्याला मात्र मूळच नसते. ज्या राजाने ते पाडले असे त्यावर लिहिले आहे, त्याने ते पाडलेले नाही. कधीकधी तो राजाही नसतो, ते राज्यही नसते. टोकन किंवा बिल्ला हा चौथा भाऊ. तो गिरणीच्या कँटीनमध्ये चहाला चालायचा, चहाच्या मळ्यात मजुरीला चालायचा, पण कुंपणाबाहेर त्याला कुणी विचारत नसे. हे चौघे एकमेकांच्या घरात सारखे शिरत असतात. शिवरायांच्या होनाची प्रतिकृती घासून, मातीत पुरून, 'शेतात सापडला' म्हणून कुणी विकली की तीच वस्तू त्या क्षणी खोटी होते. धातू तोच, ठसा तोच. बदलते ते सोबत सांगितलेले वाक्य. या पुस्तकात मी पुन्हापुन्हा त्याच मुद्द्यावर येतो: कल्पनानाणे खोटे नसते, त्याच्याविषयीचा दावा खोटा असू शकतो.

नाण्याच्या खरेपणाची काळजी आपल्या भाषेत खोल मुरलेली आहे. माणूस खणखणीत असतो. गोष्ट वाजवून घ्यावी लागते. पोतदार हे आडनाव मुळात सरकारी भरण्यात आलेली नाणी पारखणाऱ्याचे. रुपया सुलाखून, म्हणजे भोक पाडून, आत तांबे तर नाही ना हे पाहण्याची रीत होती. इतक्या संशयी मुलखात न चालणारी नाणी माणसांनी इतक्या प्रेमाने का जपली, याचे मला आजही नवल वाटते.

ही हौस आजची नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे सातवाहनकाळातले मोठे व्यापारी नगर. तिथे रोमशी व्यापाराच्या खुणा सापडतात आणि त्यांत पक्क्या भाजलेल्या मातीच्या लहान चकत्याही आहेत. रोमन सम्राटाच्या नाण्यावरचा मुखवटा त्यांवर उमटवलेला आणि वर दोरा ओवायला भोक किंवा कडी. तेलंगणातल्या कोंडापूरलाही अशा चकत्या मिळाल्या आहेत. सोन्याचे रोमन नाणे ज्याच्या आवाक्यात नव्हते त्याने ते मातीत पाडून गळ्यात घातले. दूरच्या, कधी न पाहिलेल्या राजाचा चेहरा ताईत म्हणून छातीवर! महाराष्ट्रातली कल्पनानाण्याची कथा सांगायची तर ती मला तेरच्या या मातीपासून सुरू करावीशी वाटते.

त्याच काळातली दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्यातली आहे. १९०६ साली गोदावरीकाठच्या जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. एकूण १३,२५० नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा ठोकला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उठलेला आहे, दुसऱ्या बाजूच्या बाण-वज्रावर उज्जैन चिन्ह. नहपानाचा पराभव इतक्या स्पष्टपणे सांगणारा दस्तऐवज दुसरा नाही. ही नाणी खरी, बाजारात चाललेली. मग त्यांचे इथे काय काम? काम असे की चांदी तीच राहिली आणि एका घावाने मालक बदलला. नाणे म्हणजे धातूवर उमटवलेला शब्द. तो शब्द राजाने दिला की चलन होते, भक्ताने दिला की टंका होतो, गोष्ट सांगणाऱ्याने दिला की खेळणे होते.

खऱ्या चलनातही कल्पनेने शिरकाव केला आहे. देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक पाहा: सोन्याच्या लहानशा खोलगट चकतीवर मधोमध कमळ, भोवती शंख, श्री, राजाचे नाव, एकेक खूण वेगळ्या ठशाने ठोकलेली. अकबराच्या अखेरच्या वर्षांतली एक अर्धी मोहोर प्रसिद्ध आहे. तिच्यावर धनुर्धारी राम, मागून चालणारी सीता आणि वर नागरीत 'राम सीय' अशी अक्षरे आहेत. मुघल बादशहाने पाडलेले हे रामाचे नाणे अस्सल आहे. आजीचा रुपया नाही. वर्षानुवर्षे या दोन वस्तू मी मनात शेजारी-शेजारी ठेवतो आणि कोणती अधिक 'खरी' याचे उत्तर दर वेळी वेगळे येते.

पुतळीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण मराठी घरांत हे कल्पनानाणे सर्वाधिक आहे आणि ते तसे आहे हे फार थोड्यांना माहीत असते. व्हेनिसचा सोन्याचा डुकाट १२८४ साली प्रथम पाडला गेला. सुमारे साडेतीन ग्रॅम वजन, जवळजवळ शुद्ध सोने, आणि १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत पाचशे वर्षे तेच चित्र. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू. अरबी समुद्रावरून हे नाणे भारताच्या किनाऱ्यावर येत राहिले. वजनाला आणि कसाला पक्के, म्हणून सराफांचे लाडके. आपल्या लोकांना संत मार्क ठाऊक नव्हता. त्यांना दिसल्या त्या उभ्या बाहुल्या, म्हणून नाव पडले पुतळी. तमिळ मुलखात तर मधल्या काठीला लोकांनी ताडाचे झाड मानले आणि ताडी काढणाऱ्या समाजावरून नाण्याला 'शानार कासु' म्हटले. मागणी वाढली तशी आपल्या सोनारांनी पुतळी इथेच पाडायला सुरुवात केली. लॅटिन अक्षरे वाचता येत नसल्याने नकलेच्या नकलेत त्यांच्या उभ्या रेघा झाल्या, रेघांचे ठिपके झाले. संताच्या अंगावरच्या झग्याच्या चुण्या तेवढ्या जशाच्या तशा राहिल्या, कारण हाताला त्या ओळखीच्या होत्या. पुढे बाहुलीची लक्ष्मी झाली. आज नाशिकच्या सराफ बाजारात पुतळीहार घेणाऱ्या सुनेला आपण पाचशे वर्षे चाललेल्या एका परक्या नाण्याचे स्वप्न गळ्यात घालतो आहोत, हे कुणी सांगत नाही. सांगायला हवे. हाराची किंमत त्याने कमी होत नाही, मान वाढतो.

आता रामटंका. देवळांच्या परिसरात आणि सराफांकडे मिळणारे, घरच्या देवात ठेवण्यासाठी किंवा मुंज-लग्नात ओवाळणी म्हणून देण्यासाठी पाडलेले हे बिल्ले भारतभर पसरले. काही सोन्याचे, वाटीसारखे खोलगट, पुष्कळसे चांदीचे, बहुसंख्य पितळेचे किंवा चांदीचा मुलामा दिलेले. अनेकांवर कडेने 'राम लछमन जानक जवत हनमनक' अशी मोडकी अक्षरे असतात आणि खाली ५१७४० असा आकडा. हा आकडा फार लोकांना फसवतो. कुणी म्हणते कलियुगाच्या आधीचे वर्ष, कुणी म्हणते संवत १७४०. वास्तविक एका जुन्या ठशावरचा आकडा पुढच्या ठसेवाल्याने न विचारता उतरवला आणि त्याच्या पुढच्याने त्याच्यावरून, असा तो आला आहे. म्हणून तारखेवरून रामटंक्याचा काळ ठरवणे धोक्याचे. काळ सांगतात ती कड, धातू, वजन आणि मूर्तींचे दागिने. आमच्या घरचा टंका काट्यावर साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरला, म्हणजे राणीछाप रुपयाचे वजन. तो रुपया ११.६६ ग्रॅमचा, एक तोळा. तेव्हा माझा तर्क असा की कुणीतरी सोनाराकडे एक रुपया देऊन त्या चांदीचा हा टंका पाडून घेतला असावा. खर्चायचा रुपया खर्चता न येणारा करून घेणे, ही मला मोठी गोष्ट वाटते.

राम एकटा नाही. गुरू नानक आणि त्यांच्या दोन बाजूंना बाला-मर्दाना असलेले शिखांचे बिल्ले आहेत. अकबराच्या चौकोनी रुपयाची नक्कल करून कलमा आणि चार खलिफांची नावे कोरलेले 'चारयारी' रुपये मुसलमान कुटुंबांत ताईत म्हणून जपले गेले. आकड्यांची यंत्रे असलेले बिल्ले सगळ्याच धर्मांत दिसतात. या सगळ्यांचा पहिला धांडोळा अर्विन ब्रॉटमन या अमेरिकी संग्राहकाने १९७० मध्ये घेतला. मायकेल मिचिनर यांचा भारतीय टोकनांवरचा मोठा ग्रंथ १९९८चा. मराठीत मात्र या वस्तूंवर स्वतंत्र पुस्तक माझ्या हाती लागले नाही, आणि ज्या घरांत त्या आहेत त्या घरांतली भाषा तर हीच आहे. हे पुस्तक लिहिण्याचे ते एक साधे कारण.

बाहेरच्या जगात या हौसेला वेगळे फाटे फुटले. ब्रिटनमध्ये सुट्या पैशांची टंचाई झाली तेव्हा वेल्समधल्या अँगल्सी बेटावरच्या 'पॅरिस' नावाच्या तांब्याच्या खाणीने १७८७ मध्ये स्वतःची पेनी पाडली आणि तिच्यावर टोपीवाला, दाढीवाला ड्रुइड म्हणजे प्राचीन पुरोहित घातला, जो कुणी पाहिलेला नव्हता. दहाएक वर्षांत अशा टोकनांचे इतके वेड लागले की कारखानदार केवळ संग्राहकांसाठी भलत्याच ठशांच्या जोड्या जुळवू लागले. अमेरिकेत १९१३ पासून निघालेल्या म्हैस-छाप पाच सेंटच्या नाण्यावरचा चेहरा भटके कारागीर चाकूच्या टोकाने बदलत. एका जेवणाच्या बदल्यात एक नाणे देत. त्यांना होबो निकेल म्हणतात, आणि त्या कोरीवकामापुढे मी नतमस्तक होतो. मार्टिन कोल्स हर्मन या गृहस्थाने लंडी नावाचे बेट विकत घेतले आणि १९२९ मध्ये पफिन पक्ष्याच्या नावाने स्वतःची नाणी पाडली. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि १९३१ मध्ये पाच पौंडांचा दंड कायम झाला. आता कादंबऱ्या, चित्रपट आणि पटावरच्या खेळांतल्या राज्यांची नाणी पाडणारे परवानाधारक टांकसाळवालेही आहेत. जादूगारांच्या शाळेच्या गोष्टीत एका सोन्याच्या गॅलियनला सतरा सिकल आणि एका सिकलला एकोणतीस नट मिळतात, हे आमच्या तालुक्यातली पोरे पाढ्यासारखे सांगतात. त्यांच्या आजोबांना मासा, गुंज आणि तोळ्याचे हिशेब तोंडपाठ होते. माझ्या पिढीने चांदोबातल्या राजांच्या मोहरांच्या थैल्या पाहिल्या आणि वहीच्या पानाखाली चार आण्याचे नाणे ठेवून वर पेन्सिल घासून आपल्या मोहरा पाडल्या. हौस तीच.

महाराष्ट्रात आज सर्वांत मोठी लाट आहे ती शिवराई आणि होनाच्या प्रतिकृतींची. तिची मुळे आमच्या मातीतही आहेत. सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांच्या फौजेने ऑक्टोबर १६७० मध्ये दाऊदखानाला वणी-दिंडोरीच्या रानात गाठून हरवले आणि सुरतेची लूट सुखरूप पुढे गेली. चार वर्षांनी राज्याभिषेक झाला आणि 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' अशा अक्षरांचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, करंगळीच्या नखावर मावेल एवढा. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ. तांब्याची शिवराई मात्र पुढच्या सत्ताधीशांच्या काळातही पाडली जात राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खेड्यांच्या बाजारात चालली. राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षे झाली तेव्हा तर प्रत्येक शहरात होनाच्या प्रतिकृती निघाल्या. यांतल्या बऱ्याच यंत्रावर पाडलेल्या आहेत, अतिशय सफाईदार आहेत, आणि नेमके तेच मला खटकते. खऱ्या शिवराईवर अक्षरे कधी पूर्ण बसत नाहीत. ठसा मोठा, चकती लहान. 'छत्र' आले तर 'पति' निम्मा कडेबाहेर. कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव', कुठे अक्षर चक्क उलटे. गुळगुळीत प्रतिकृती पाहून वाढलेल्या मुलाला अस्सल शिवराई हातात दिली तर तो तिलाच खोटी म्हणेल.

अक्षरे उलटी का होतात हे मला स्वतः ठसा कोरल्यावर कळले. पोलादाच्या लहान ठोकळ्यावर मी गावाचे नाव कोरायला घेतले. ठशावर सगळे उलटे कोरावे लागते, आरशात दिसते तसे: 'री' डावीकडे, 'दि' उजवीकडे, प्रत्येक अक्षर पाठमोरे. तीन संध्याकाळी गेल्या. अक्षरे बरोबर फिरवली, पण 'दि'ची वेलांटी कोरताना हात सवयीने तिच्या नेहमीच्या बाजूला, डावीकडे गेला. मग तांब्याची चकती तापवून मऊ केली, थंड होऊ दिली, खालचा ठसा ऐरणीत बसवला, वर चकती, तिच्यावर वरचा ठसा, आणि पाच किलोचा घण एकदाच. एकदाच, कारण दुसरा घाव किंचित जरी सरकला तरी चित्राला जुळे होते. चकती उचलून पाहिली तर स्वच्छ, खोल, सुंदर अक्षरांत उमटले होते: 'दींडोरी'. जुन्या शिवराईवरच्या 'शीव'ला मी त्या दिवशीपासून अशुद्ध म्हणणे सोडले. तो ठसेवाला अडाणी होता असे नाही. तो दिवसाचे किती ठसे कोरत असेल आणि त्याचा हात किती दमला असेल, हे माझ्या हाताला समजले. ती चकती मी अजून ठेवली आहे.

पाडणाऱ्यांत दोन घराणी आहेत असे म्हणता येईल, ओतणाऱ्यांचे आणि ठोकणाऱ्यांचे. ओतीव बिल्ला सोपा: साचा करा, मूस तापवा, धातू ओता. पण ओतीव वस्तूच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे राहतात, कडेला दोन साच्यांची शिवण दिसते आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल होतात. ठोकीव वस्तूत धातू ठशाकडे वाहत जातो. भिंगाखाली अक्षरांभोवती ते ओढ घेतलेले धातूचे तंतू दिसतात. नवख्या संग्राहकाला मी आधी कड पाहायला सांगतो, मग चेहरा. आता लेझरने ठसा कोरता येतो, त्रिमितीय छपाईने साचा निघतो, नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर शंभर चकत्या तासाभरात पाडून मिळतात. पूर्वी यासाठी राजा लागत असे. आता दहावीतली मुलगी आपल्या कल्पनेतल्या राज्याचे नाणे पाडू शकते, आणि पाडतेही.

हाच या विषयाचा आजचा तातडीचा प्रश्न आहे. पाडणे सोपे झाले तसे फसवणेही सोपे झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा १८१८चा, रामदरबाराचे चित्र असलेला 'यूकेएल वन अण्णा' हा बिल्ला मला वर्षातून चार-पाच वेळा कुणी ना कुणी आणून दाखवतो. लाखोंना जाईल असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. कंपनीने असे नाणे कधीच पाडलेले नाही. मद्रासकडच्या तिच्या पॅगोडांवर विष्णूमूर्ती होत्या, म्हणून ही थाप लोकांना पटते. काही बिल्ल्यांवर तर १६१६ हे साल असते, जेव्हा कंपनीची या देशात टांकसाळच नव्हती. त्याहून घातक प्रकार तांदूळ ओढणाऱ्या नाण्याचा: वीज पडून धातूत दैवी शक्ती आली, परदेशी संस्था कोट्यवधी देणार, आधी तपासणीचे पैसे भरा. यात शेतकऱ्यांनी जमिनी गमावल्या आहेत. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन उकळणाऱ्यांबद्दल बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. आपण असा व्यवहार करत नाही आणि कमिशनही मागत नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. मीही एकदा फसलो आहे. एका जत्रेत एका विक्रेत्याकडून 'विजयनगरचा' म्हणून घेतलेला खोलगट टंका घरी आणून तासला तेव्हा आत शिसे निघाले. दोन महिन्यांचा पगार गेला. त्या दिवशी मी रात्रभर झोपलो नाही, आणि या पुस्तकातला पारखीचा भाग मी त्या रात्रीसाठी लिहिला आहे.

कायद्याचेही दोन शब्द. १८८९च्या मेटल टोकन्स कायद्याने पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे पाडायला खाजगी माणसाला मनाई होती. २०११च्या नाणे कायद्याने जुना कायदा मोडीत काढला, पण मनाई तशीच ठेवली. चालू नाण्यासारखे दिसेल असे काही पाडू नये, त्यावर रुपयाचे मूल्य घालू नये, एवढे पथ्य पाळले की हौसेला वाट मोकळी आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. आणि द्राक्षबागेसाठी चर खणताना जमिनीत साठा लागला, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपये हा आकडा वाचून हसू नये. त्या कायद्यामुळेच जोगळटेंभीसारखे साठे अभ्यासकांपर्यंत पोचले. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने नाण्यांच्या नकलांवर 'कॉपी' हा शब्द उमटवणे सक्तीचे केले. आपल्याकडे पाडणाऱ्यांनी ती सवय स्वतःहून लावून घ्यावी असे मला कळकळीने वाटते.

नाशिक जिल्ह्यात राहून या विषयावर लिहिण्याचे भाग्य मोठे आहे. नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात. होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी रुपया इथल्या जुन्या खतांत अजून वाचायला मिळतो. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभी केलेली, १९८० साली स्थापन झालेली नाणेसंशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. मारुतीचे जन्मस्थान मानलेल्या डोंगराच्या पायथ्याशी देशातले नाणेशास्त्राचे एक मोठे केंद्र असावे, हे रामटंके जमवणाऱ्या माणसाला आशीर्वादासारखे वाटते. नहपानापासून आजवरचे चलन कसे बदलत गेले ते तिथल्या मांडणीत पायी फिरत समजते. ज्याला हा छंद लागेल त्याने पहिली खरेदी करण्याआधी एक दिवस तिथे घालवावा.

या पुस्तकात मी किमती दिलेल्या नाहीत, आणि ते जाणूनबुजून. किंमत छापली की माणूस वस्तू पाहणे थांबवतो. त्याऐवजी प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, धातू, कड, दोन्ही बाजूंचे वर्णन आणि ते कुणाच्या घरात, कशासाठी ठेवले होते एवढे नोंदवले आहे. घरांची नावे गाळली आहेत. अर्धे पुस्तक जमवणाऱ्यासाठी आहे, अर्धे पाडणाऱ्यासाठी. या दोघांनी एकमेकांची पाने वाचावीत म्हणून ती मुद्दाम वेगळी बांधलेली नाहीत. जो स्वतः एक ठसा कोरतो तो जुन्या नाण्याकडे आदराने बघतो, आणि ज्याने जुनी शंभर नाणी हाताळली आहेत त्याचा नवा ठसा पोकळ होत नाही. सगळा देश कवेत घेण्याचा आव यात नाही. खानदेश, नाशिक, नगर आणि मराठवाड्याचा काही भाग, एवढ्याच टापूत मी फिरलो. कोकण आणि विदर्भाची नाणी कुणीतरी तिथल्याने लिहावीत.

वाचकाला दोन विनंत्या आहेत. स्वतः नाणे पाडाल तर त्यावर आपली खूण आणि खरे साल घाला, मग राज्य कितीही कल्पनेतले असो. आणि घरच्या देव्हाऱ्यात असा एखादा रुपया असेल तर या दिवाळीत तो चिंचेने घासू नका. साध्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने टिपा, सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि तो घरात कुणी, कधी, कशासाठी आणला हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून एका कागदावर लिहून टंक्याखाली ठेवा. आमच्या आजीला हे विचारायचे राहून गेले.